सराफ कट्ट्यावर तोललेला सेंट

सराफाने आधी तळहातावरच्या काळपट चकतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे तोलायचं? तांबं हाय की सर हे."

"तांबंच आहे. किती आहे ते बघायचंय."

सोन्याचा भाव ऐकून माणसं पायरीवरूनच परत फिरतात अशा दिवसांत दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नाहीतर मंगळवार पेठेतल्या सराफ कट्ट्यावर एका तांब्याच्या तुकड्यासाठी कुणी काटा दिला नसता. त्याने काचेचं झाकण उचललं, चकती ठेवली, झाकण लावलं. आकडा जरा थरथरला आणि स्थिर झाला : 3.04 ग्रॅम. मी हसलो. एखाद्याला तोळाभर जास्त निघाल्यावर यावं तसं हसू आलं असावं, कारण सराफानेही मान वाकवून आकडा पुन्हा वाचला.

ती चकती म्हणजे 1864 सालचा अमेरिकेचा एक सेंट. त्या एका सालात हा सेंट दोन धातूंत पाडला गेला. वर्षाच्या सुरुवातीला 88 टक्के तांबं आणि 12 टक्के निकेल असं मिश्रण होतं, वजन 4.67 ग्रॅम. रंगाने फिकट, म्हणून तिकडचे लोक त्याला पांढरा सेंट म्हणत. एप्रिलमध्ये कायदा झाला आणि काशाचा सेंट आला : 95 टक्के तांबं, उरलेल्यात कथील आणि जस्त, वजन 3.11 ग्रॅम. चित्र तेच, साल तेच, व्यासही तोच 19 मिलिमीटर. दीडशे वर्षांच्या मळाखाली दोन्ही सारखेच काळे दिसतात. मग काटाच सांगतो. माझा काशाचा निघाला. कमी भरलेले सत्तर मिलिग्रॅम अमेरिकेतल्या खिशांत आणि गल्ल्यांत झिजून गेले असणार.

घरी आधी वेगळाच घोळ झाला होता. "सेंट घ्यायला चाललोय" म्हटल्यावर बायकोला अत्तर वाटलं. मोगऱ्याचं आण म्हणाली.

---

हा सेंट मिळाला गड्ड्यात. सोलापुरात संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा हे तिचं मूळ. पण सोलापूरकर पोरांसाठी यात्रा म्हणजे होम मैदानावरचा गड्डा : पाळणे, मौत का कुआँ, भाग्यश्री बटाटेवडा आणि धूळ. यंदाच्या जानेवारीत पाळण्यांच्या पलीकडे, जिथे दिव्यांचा उजेड संपतो, तिथे एक माणूस ताडपत्रीवर नाणी मांडून बसला होता. भोकाचे पैसे, पंचम जॉर्जचे आणे, निजामाच्या राज्यातली काही, आणि राम-सीता-हनुमानाचं चित्र असलेला तो सुप्रसिद्ध '1818 चा आणा'. हा आणा महाराष्ट्रातल्या प्रत्येक जत्रेत असतो. ईस्ट इंडिया कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, देवळाबाहेर विकायला कुणीतरी केलेला तो बिल्ला आहे. तरीही लाखोंच्या आशेने लोक तो कपाटात जपून ठेवतात. जुन्या नाण्यांच्या नावाखाली इतकी फसवणूक वाढली, की ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं : आम्ही असला व्यवहार करत नाही, आमच्या नावाने कुणी दलाली मागितली तर देऊ नका.

ताडपत्रीच्या कोपऱ्यात दोन परदेशी चकत्या होत्या. एकीवर पिसांचा मुकुट घातलेली बाई.

"ही इंडियन बाई हाय सर. विंग्रजी पुस्तकात नाव हाय तिचं, इंडियन हेड. आपल्याच देशाची. लई जुनी."

नाव बरोबर होतं, देश चुकला होता. चूक त्याचीही नाही, कोलंबसाची. आणि गंमत अशी, की ती बाई तिकडचीही आदिवासी नाही. जेम्स लाँगेकर नावाच्या टांकसाळीतल्या मुख्य नक्षीकाराने स्वातंत्र्यदेवीच्या गोऱ्या मुखवट्यावर पिसांचा मुकुट चढवला, मुकुटाच्या पट्टीवर 'लिबर्टी' असं कोरलं आणि 1859 पासून ती सेंटावर विराजमान झाली. 1909 पर्यंत टिकली. ज्या पन्नास वर्षांत त्या मुकुटाच्या खऱ्या धन्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या, त्याच पन्नास वर्षांत त्यांची पिसं सरकारी नाण्यावर होती. नाण्यांना असला विनोद नवा नाही.

दुसरी चकती मोठी, आपल्या ढब्बूएवढी. साल 1793, मागे कड्यांची साखळी. इथे माझं काळीज हललं. अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने सर्वसाधारण चलनासाठी पाडलेला पहिला सेंट तो हाच. पंधरा राज्यांची एकी दाखवायला पंधरा कड्या घातल्या. लोकांना त्यात गुलामांच्या बेड्या दिसल्या, आणि काही आठवड्यांतच चित्र बदलावं लागलं. एकूण 36,103 नाणी पाडली गेली. आज खरं नाणं अनेक लाखांना जातं. होम मैदानावर ते सातशे रुपयांत कसं आलं, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला तो घरी आल्यावर. दोन्ही मिळून सातशेला घेतले होते. फ्रिजवरचा लोहचुंबकाचा गणपती काढून मोठ्या सेंटाजवळ नेला, तर गणपतीने झेपच घेतली. तांब्याला चुंबक चिकटत नाही. लोखंडावर तांब्याचा मुलामा होता. बाप्पाने खोटं पकडून दिलं म्हणून त्याला नैवेद्य दाखवायला हवा होता. मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

लहान सेंटाला मात्र गणपती शिवला नाही. म्हणून मग सराफ कट्टा.

---

जुनी अमेरिकन नाणी म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे चांदीचे डॉलर येतात. ते महाग, आणि त्यांच्या नकला सर्वांत जास्त. साध्या पगारदार माणसाने चिल्लरीकडे वळावं. तिथली उतरंड आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. आपला रुपया 192 पैंचा होता, त्यांचा डॉलर 200 अर्ध्या सेंटांचा. हा अर्धा सेंट म्हणजे अमेरिकेची पै. 1793 ते 1857 पर्यंत चालला, शुद्ध तांब्याचा. 21 फेब्रुवारी 1857 च्या कायद्याने तो आणि मोठा सेंट दोन्ही बंद झाले. त्याच कायद्याने स्पेनची आणि इतर देशांची नाणी अमेरिकेत अधिकृत चलन म्हणून चालणं थांबलं. म्हणजे तोवर तिथला वाणीही आपल्या वाण्यासारखाच चार राज्यांची नाणी वळचणीला ठेवून हिशेब करत होता. आपल्याकडे शिवराई इंग्रजी अमलातही कितीतरी वर्षं बाजारात फिरत राहिली, तसंच.

अर्धा सेंट हवा तर झिजका असला तरी साधारण पन्नास डॉलरची तयारी ठेवावी लागते. मोठा सेंट त्याच्या निम्म्यात मिळू शकतो. पिसांच्या मुकुटाचा साधा सेंट मात्र दोन-चार डॉलरला मिळतो, आणि 1909 नंतरचे लिंकनचे, मागे गव्हाच्या दोन लोंब्या असलेले सेंट तर तिकडे मुठीने विकतात. यात अपवाद असतातच. 1877 चा सेंट साडेआठ लाखच पाडला गेला, त्याला शेकडो डॉलर पडतात. 1909 चा सॅन फ्रान्सिस्कोचा 'एस' असलेला तसाच. म्हणून साल पाहताना चष्मा पुसून घ्यावा. टांकसाळीचं चिन्ह कसं वाचायचं हे आपल्या संग्राहकांना शिकवायला नको. मुंबईचा हिरा, हैदराबादची चांदणी आणि कोलकात्याला काहीच नाही, तसं तिकडे डेन्व्हरला 'डी', सॅन फ्रान्सिस्कोला 'एस' आणि जुन्या सेंटांवर फिलाडेल्फियाला काहीच नाही. थोरल्या घराला पाटी लागत नाही.

दर कसा ठरतो तेही ऐका. मुकुटाच्या पट्टीवरची 'लिबर्टी'ची सात अक्षरं मोजायची. एकही दिसत नसेल तर नाणं तळाच्या प्रतीचं. तीनेक दिसली तर एक पायरी वर. सातही वाचता आली की भाव चढतो. स्वातंत्र्य किती शिल्लक आहे यावर किंमत ठरवणारा एवढा सरळ बाजार मी दुसरा पाहिलेला नाही. माझ्या 1864 च्या सेंटावर दोन अक्षरं होती, तीही भिंगातून.

प्रमाणपत्रासह सीलबंद प्लास्टिकच्या डबीत मिळणारी नाणी असतात, पण दोन-चार डॉलरच्या सेंटासाठी डबीच नाण्यापेक्षा महाग पडते. त्याऐवजी तपासायचे साधे मार्ग बरे : काटा, चुंबक, भिंग, आणि कडेवर साच्याचा सांधा दिसतो का ते पाहणं. ओतीव नकलेला कडेने शिवण असते. घरी आणल्यावर मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नये. सोलापूरच्या मे महिन्यात त्या प्लास्टिकला घाम सुटतो आणि तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पुटं चढतात. पुठ्ठ्याची चौकट चांगली.

---

या झिजक्या 1864 साठी मी एवढा का अडून बसलो, हे सांगायला हवं. त्याच्यासारखे 1890 च्या आसपासचे सेंट जास्त स्वच्छ आणि जास्त स्वस्त मिळाले असते. पण 1864 हे साल आपल्याकडेही आहे, कापसात.

एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. रेल्वे नुकतीच, 1860 मध्ये, सोलापूरला येऊन टेकली होती. वऱ्हाड-खानदेशापासून आपल्या काळ्या मातीपर्यंत कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारखे लोक शेअरांचे डोंगर रचत होते. 1865 मध्ये लढाई संपली, भाव कोसळले, त्या डोंगरांखाली कैक पेढ्या गाडल्या गेल्या. सोलापूरची जुनी मिल उभी राहिली ती पुढे 1877 मध्ये, पण गावाची सुताशी सोयरीक रेल्वेने आणि त्या तेजीने घट्ट केली.

आता त्याच लढाईची दुसरी बाजू. ज्या वर्षांत इकडे व्यापाऱ्यांच्या थैल्या फुगत होत्या, त्याच वर्षांत अमेरिकेत सुटे पैसे नाहीसे झाले. लढाईत कागदी नोटा आल्या तसं लोकांनी सोनं दाबलं, मग चांदी दाबली, आणि 1862 च्या उन्हाळ्यापर्यंत निकेलचे सेंटसुद्धा मडक्यात गेले. दुकानदाराकडे परत द्यायला काही नाही. लोक पोस्टाची तिकिटं चिल्लर म्हणून देऊ लागले. ती घामाने चिकटायची, म्हणून जॉन गॉल्ट नावाच्या एकाने ती पितळेच्या चौकटीत, वर अभ्रक लावून बसवायची युक्ती काढली. सरकारने पाच-दहा सेंटांच्या नोटा छापल्या. दुकानदारांनी स्वतःचे तांब्याचे टोकन पाडले. वाण्याकडे दोन रुपये सुटे नसले की हातावर चॉकलेट येतं, दहाचं नाणं 'चालत नाही' म्हणून कंडक्टर परत करतो, हे आपण पाहिलेलं आहे. फक्त तिकडे सगळा देशच तसा झाला होता.

त्या टोकनांवर सरकारचा डोळा गेला. दुकानदारांचे पातळ काशाचे तुकडे लोक आनंदाने घेतात, मग सरकारनेच तसे का पाडू नयेत? 22 एप्रिल 1864 चा कायदा त्यातून आला. काशाचा सेंट सुरू झाला, जोडीला दोन सेंटांचं नवं नाणं आलं. या दोन सेंटावर 'देवावर आमचा भरवसा' या अर्थाचं ब्रीद अमेरिकी नाण्यावर पहिल्यांदा उमटलं. लढाईत चिल्लरीवरचा भरवसा उडाला होता, तेव्हा वरच्याचं नाव घेणं भागच होतं. दोन सेंटाचं नाणं 1873 ला बंद पडलं. झिजलेलं पंधरा-वीस डॉलरला मिळतं. माझ्या यादीत आहे.

तेव्हा सराफाच्या काट्यावर जो 3.04 आला, तो त्या टंचाईतून जन्मलेला तुकडा. सोलापूरच्या बाजारात कापसाचा भाव ऐकून माणसं थक्क व्हायची, त्या दिवसांत फिलाडेल्फियात तो साच्याखालून निघाला. सराफाला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तिकडं बी चांदी दाबलीच की." त्याच्या धंद्याचा निष्कर्ष तेवढाच होता, आणि बरोबर होता.

उलट मग त्यानेच मला काहीतरी दाखवलं. मोडीत आलेले पंचम जॉर्जचे चार रुपये, 1918 ते 1920 चे. मी म्हटलं, यातही अमेरिका असेल. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांची चांदी संपत आली, लोक नोटा घेईनात. 30 नोव्हेंबर 1917 ला सरकारने एक रुपयाची नोट काढली ती याच अडचणीपायी. मग अमेरिकेने एप्रिल 1918 मध्ये पिटमन कायदा करून आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातले जवळजवळ सव्वीस कोटी डॉलरची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली. ती इथल्या टांकसाळींत आली आणि रुपये झाली. आजीच्या पुतळीमाळेशेजारी जे रुपये गाठोड्यात होते, त्यांत कुणाकुणाच्या डॉलरचा अंश असेल. सराफाने एक रुपया उचलून वाजवला. नाद चांगला होता.

---

माझी भाची न्यू जर्सीत असते. दरवर्षी विचारते, "मामा, काय आणू?" आणि मी दरवर्षी बदाम म्हणतो. यंदा म्हटलं, 1886 चा एक सेंट आण.

"1886 च का? काय विशेष?"

"तू राहतेस तिथून रोझेल किती लांब?"

रोझेल म्हणजे मिसेस कार्पेंटर यांचं गाव. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि तिथून या बाईंच्या घरी गेल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षं. 11 मार्च 1886 ला पदवी. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. आणि 1908 पर्यंत अमेरिकेचा प्रत्येक सेंट फिलाडेल्फियातच पाडला जाई. म्हणजे 1886 चा कुठलाही सेंट घ्या, तो आनंदीबाईंच्याच शहरातला.

भाचीने एका रविवारी नाण्यांच्या प्रदर्शनातून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार, इकडे रात्र. 1883 चे सेंट ढिगाने होते, तीन डॉलरला एक. 1886 चे कमी, आठ डॉलर. टेबलामागच्या म्हाताऱ्याने तिला विचारलं, पहिल्या प्रकारचा हवा की दुसऱ्या? तिने फोन माझ्याकडे वळवला. त्या वर्षी साचा मधेच बदलला. आधीच्या साच्यात मुकुटाचं सर्वांत खालचं पीस 'अमेरिका' या शब्दातल्या 'आय' आणि 'सी' यांच्या मधल्या फटीकडे टोक करतं, नंतरच्यात 'सी' आणि शेवटच्या 'ए' यांच्या मधल्या. मला आधीचा हवा होता, मार्चच्या जवळ जाणारा. फोनच्या पडद्यावर ते पीस शोधायला दहा मिनिटं गेली. "मामा, लोक आयफोन मागवतात," ती म्हणाली. पण भिंग तिनेच मागून घेतलं आणि पीसही तिनेच शोधलं.

त्याच फोनवर तिने सांगितलं, की आता दुकानांत रोख दिले तर हिशेब पाच सेंटांवर आणून सोडतात. नोव्हेंबर 2025 मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडला. एक सेंट बनवायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता. जुने चालतात, नवे येणार नाहीत. आपली चार आण्यांची पावली 30 जून 2011 ला गेली तेव्हा मी गल्ल्यातल्या सगळ्या एका बरणीत भरून ठेवल्या होत्या. बरणी अजून आहे. भाचीला म्हटलं, तूही एक बरणी घे.

ती जुलैत आली तेव्हा आमच्या घरात आधीच एक अपघात होऊन गेला होता. पाडव्याच्या आदल्या दिवशी आईने गुढीचा तांब्या चिंचेने घासला. टेबलावर पुठ्ठ्यात तो 1864 चा काळा सेंट पडलेला दिसला, तोही बाहेर काढून घासला. संध्याकाळी मी पाहिलं तर नवीन नळाच्या तोटीसारखा गुलाबी, लखलखीत. दीडशे वर्षांचा रंग पाच मिनिटांत मोरीतून वाहून गेला. संग्राहकांच्या बाजारात घासलेल्या नाण्याला कुणी विचारत नाही. "किती काळं पडलं होतं रे," आई म्हणाली. मी काही बोललो नाही. तांब्याचं भांडं काळं ठेवणं तिच्या हिशेबी आळस होता. उरलेली दोन अक्षरंही बहुधा चिंचेनेच नेली.

म्हणून 1886 चा सेंट पाकिटातून काढला तेव्हा मी आधीच बजावलं, याला हात लावायचा नाही.

"का? हे काय सोन्याचं आहे?"

"आनंदीबाई डॉक्टर झाल्या ना, त्या वर्षीचं. त्याच गावातलं."

आईने 'आनंदी गोपाळ' दोनदा वाचलेलं आहे. तिने पदराला हात पुसले आणि हात पुढे केला. मी नाणं कडेने धरून तिच्या तळहातावर ठेवलं. चष्मा कपाळावरून खाली ओढून ती खिडकीपाशी गेली.

"हे तिच्या हातातनं गेलं असेल का रे?"

त्या वर्षी असे पावणेदोन कोटी सेंट निघाले होते. मी आकडा सांगितला. आईने तो ऐकला की नाही कोण जाणे. ती अंगठ्याने हळूहळू काठ चाचपत होती.

"असेल," ती म्हणाली. "भाजी आणायला जात असेल की ती." आणि मग नाणं परत देताना, जरा वेळाने, "ह्याला नाही लावत हो चिंच."